उंबऱ्यापाशी सरकवलेलं भांडं

सुनेनं आज फिनेल टाकून फरशी पुसली आणि मी उठून बाहेर जाऊन बसले. तिला वाटलं, मला वास सोसला नाही. खरं तर मला माझी नणंद आठवली होती, आणि तिची आठवण आली की मला अजूनही तोंड लपवावंसं वाटतं.

बोलपट तेव्हा नवे होते. नणंदेला क्षय झाला म्हणून सिन्नरच्या सासरहून तिला नाशिकला आमच्याकडे आणलं होतं. मागच्या खोलीत ती असायची, तिचं भांडं वेगळं, आणि खोली रोज फिनेलनं पुसायची.

एका दुपारी मी शेजारणींबरोबर बोलपटाला गेले. त्यातल्या नायिकेलाही क्षयच होता. पांढऱ्याशुभ्र उशीवर ती हळूच खोकायची, डॉक्टर नुसती मान हलवायचे, आणि इकडे बायकांच्या बाजूला आम्ही सगळ्या हुंदके देत होतो. माझा पदर ओलाचिंब झाला.

घरी आले तशी मागच्या खोलीतून हाक आली, “वहिनी, सांगा ना काय होतं ते!”

उंबऱ्याबाहेर उभी राहून, तोच ओला पदर नाकाला लावून, मी सगळी गोष्ट सांगितली. अगदी रंगवून.

“शेवटी तिच्याजवळ कोण होतं हो?” तिनं विचारलं.

“तिची वहिनी,” मी बोलून गेले. “तिच्याच मांडीवर डोकं ठेवून गेली ती.”

थोड्या वेळानं नणंदेनं आपलं भांडं उंबऱ्यापर्यंत सरकवलं आणि मला शिवायला लागू नये म्हणून हात मागे घेतला.

मी पाणी ओतलं. उंचावरून, थेंबही अंगावर उडू नये अशा बेतानं.