जर्मनचा पंखा

शनिवार-रविवार आमच्या धक्क्यावर जी मंडळी बोटी घेऊन येतात, त्यांची मला कीव येत नाही. हसू येतं. हिंजवडीच्या कुठल्याशा फेजमधून गाडीमागे बोट ओढत आणायची, पाण्यात ढकलायची आणि मग तासभर मागचं इंजिन बटण दाबून वर घ्यायचं, खाली घ्यायचं, पुन्हा वर घ्यायचं. कुत्र्याला शेपटी हलवायला निदान भाकरी तरी दिसावी लागते. यांना काहीच लागत नाही. परवा एकाने इंजिनाचा आरशासारखा पंखा मला कौतुकाने दाखवला. "आजी, बघा, प्युअर स्टेनलेस!"

"लई छान," मी म्हटलं. "चहा बरा उकळंल त्यात."

बिचारा हिरमुसला. पण त्याला हसायचा हक्क माझ्याइतका दुसऱ्या कुणाला नाही. त्याच्या जातीची पहिली मूर्ख या काठावर मीच. ती बाई मला चांगली आठवते. पन्नाशी गाठलेली, ठसठशीत कुंकू लावणारी, तोंडाने चौघींना भारी आणि डोकं म्हणजे उपडी घागर. वरून कितीही पाणी ओता, आत थेंब जायचा नाही.

आमचं गाव धरणाच्या पल्याड. रस्त्याने जायचं तर सगळ्या डोंगराला वळसा, पाण्याने जायचं तर एक पान चघळून होईस्तोवर. सासऱ्यांनी आयुष्यभर होडी वल्हवली, त्यांच्यामागे माझ्या नवऱ्याने. मग गावाला वाटलं, आता मोटरची बोट पाहिजे. वाटलं ते बरोबरच होतं. आजारी माणसाला वल्ह्यांच्या भरवशावर किती दिवस न्यायचं? फेरी चालवायला दोघं पुढे आले. एक आम्ही, दुसरा अल्याडचा एक ठेकेदार. त्याला पाण्याकडे नुसतं बघून शिंका यायच्या. सरपंचबाईंनी सांगितलं, भरलेली बोट शाळेच्या धक्क्यावरून देवळाच्या पायऱ्यांपर्यंत नेऊन दाखवा. आधी एकाने, मग दुसऱ्याने. चांगली नेईल त्याची फेरी.

फेरी गेली तर नवऱ्याने काय करायचं, ते माझ्या थोरल्या बहिणीने ठरवून ठेवलं होतं. आक्का हिंजवडीशेजारच्या माणला दिलेली. तिच्या सासरची शेती आयटी पार्कात गेली आणि उरलेल्या जागेवर खोल्याच खोल्या उभ्या राहिल्या. पूर्वी तिच्या दारात ज्वारीची कणसं वाळत पडायची, आता परप्रांतातल्या पोरांच्या चड्ड्या वाळत असतात. पण ऐट अशी, की जणू चड्ड्याही तिनेच पेरल्यात.

"पाव्हण्यांना वॉचमन म्हणून घेते की," ती म्हणाली. "प्लास्टिकची का हुईना, खुर्ची हाय. सावलीत बसायचं. फाटक उघडायचं, फाटक लावायचं."

त्या रात्री नवऱ्याने ताटातली दुसरी भाकरी परत ठेवली. वाऱ्याच्या वासावरून पावसाची वेळ सांगणारा माणूस, तो आता कुणाच्या मोटारसायकलीसाठी फाटक उघडणार. मला हे दिसत होतं. एवढं दिसूनही मी पुढे जे केलं ते केलं, म्हणूनच त्या बाईला माफी नाही.

रस्त्याकडचा जमिनीचा तुकडा विकला होता, त्यातून फायबरची बोट आली. इंजिन घ्यायला आम्ही दोघं पुण्याला गेलो. दुकानातला मेकॅनिक वयस्कर, हाताला ग्रीस आणि तोंडाला साखर. त्याने नवऱ्याला साधी गोष्ट विचारली, "बोटीत माणसं किती बसणार? सामान किती असणार?"

नवऱ्याच्या आधी मी बोलले. "त्ये तुमाला कशाला? चांगल्यातला पंखा दाखवा."

त्याने दोन मांडले. एक काळा रंग दिलेला, मुका. दुसरा स्टीलचा. त्यात मला माझं कुंकू दिसलं. तिथेच मी गेले.

"मावशी, ऐका," तो म्हणाला. "लाकडात स्क्रू फिरवला की एका फेरीत तो थोडा आत जातो. पंखाही पाण्यात तसाच पुढे जातो. एका फेरीत किती पुढे जायला बघतो, ते त्याचं पिच. हा स्टीलचा मोठ्या पिचचा आहे, लांब ढांगा टाकणारा. बोटीत एकटा माणूस असेल तर पळवील. भरलेल्या बोटीला हा झेपायचा नाही, इंजिन दमेल. तुम्हाला लहान पिचचा हवा. आणि तुमच्याकडे पाण्याखाली दगड असणार, म्हणून ॲल्युमिनियमचा घ्या. दगड लागला तर पातं वाकेल. पातं वाकलेलं परवडतं. स्टील वाकत नाही, मग सगळा धक्का आत गिअरवर."

मावळात हे कुणालाही कळावं. शर्यतीचा बैल वेगळा, शेणखताची गाडी ओढणारा वेगळा. खताच्या गाडीला शर्यतीचा खोंड जुंपला तर गाडी तिथेच आणि खोंडाच्या तोंडाला फेस. पण त्या बाईच्या कानात एकच शब्द शिरला, ॲल्युमिनियम. म्हणजे आमच्या भाषेत जर्मन! जर्मनच्या पातेल्यात आमच्याकडे कोंबड्यांना पाणी ठेवतात. पाहुण्यापुढे जर्मनचा पेला आला तर पाहुणा घरी जाऊन चार जणांना सांगतो. माझ्या लग्नात आईने स्टीलची भांडी दिली, एकूणएक नाव घालून. आणि आता साऱ्या गावासमोर, आक्कासमोर, मी बोटीला जर्मन लावू?

"स्टीलचाच द्या," मी म्हटलं.

मेकॅनिकने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे. मग मेकॅनिकने टिल्ट समजावलं, म्हणजे इंजिन वर उचलायची सोय. इंजिनाच्या अंगावरचं बटण दाबलं की आतली एक छोटी मोटर तेल ढकलते, तेलाच्या जोराने दांडा बाहेर सरकतो आणि पाण्यातला पाय पंख्यासकट वर येतो. उथळ पाण्यात पंखा वाचवायला ही युक्ती. ही छोटी मोटर बॅटरीवर चालते. बॅटरी संपली तर बाजूला एक स्क्रू आहे, तो सैल केला की तेल मोकळं होतं आणि इंजिन हातांनी उचलता येतं. नवऱ्याने वाकून त्या स्क्रूवर बोट ठेवून पाहिलं. मी पंख्यावर लागलेला त्याच्या हाताचा डाग पदराने पुसत होते.

परतताना मी आणखी एक दिवा लावला. पंखा घेऊन भांड्यांच्या दुकानात गेले आणि त्याच्यावर नवऱ्याचं नाव घालून घेतलं. नाव घालणाऱ्याने मशीन बंद करून विचारलं, "ताई, ह्ये कसलं भांडं?"

"तुमी घाला."

पाण्याखाली ते नाव वाचणार कोण? मासे. आणि दुकानदार आता तो पंखा परत घेणार नव्हता, हे माझ्या मागाहून लक्षात आलं.

घरी आल्यावर जुनी वल्ही दारामागे अडगळ करतात म्हणून फोडून चुलीत घातली. त्यावर अंघोळीचं पाणी छान कढत झालं.

चाचणीचा दिवस ऐन उन्हाळ्यातला, पाणी उतरलेलं. धक्क्यावर मी इंजिनाला हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ गुंडाळली. बायका जमल्या तशी मला चेव चढला. इंजिन बंदच, आणि मी बटणाने ते वर घेतेय, खाली घेतेय. आता नव्या बायका आल्या, पुन्हा वर. पंख्यावर ऊन पडून सगळ्यांचे डोळे दिपावेत एवढाच हेतू.

"वैनी, आता ऱ्हाऊ द्या खाली," एकजण म्हणाली. "सारखं उघडं करताय, लाज वाटत आसंल त्याला."

नवरा हळूच म्हणाला, "अगं, बॅटरी."

"तुमी गप बसा. वल्ही मारायचं दिस गेलं."

सोळा माणसं बसली, तांदळाची पोती ठेवली. सरपंचबाई, शाळेचे गुरुजी, आणि सर्वांत पुढे काळा गॉगल लावून आक्का. ती फक्त आमची फजिती बघायला माणहून आली होती, आणि तिचं येणं वाया गेलं नाही. पुढचं सुकाणू नवऱ्याच्या हातात. मागे इंजिनापाशी मी, बटण माझ्याकडे. कुणी दिलं होतं? मीच घेतलं होतं.

इंजिन कण्हत सुरू झालं. आदल्या दिवशी आम्ही दोघंच होतो तेव्हा हीच बोट वारं प्यायल्यासारखी पळाली होती. आता मागचा भाग बसला, तोंड वर झालं आणि इंजिन नुसतं घुमायला लागलं. बोट बाळंतिणीच्या चालीने निघाली.

"ह्याच्यापरीस आमच्या माणच्या ट्रॅफिकमधी गाडी बिगी जाती," आक्का म्हणाली.

मला वाटलं, मागचा भाग खाली बसलाय ना, मग इंजिन वर उचललं की तोही उचलला जाईल. काय बुद्धी! मी बटण दाबलं. तोंड आणखी वर गेलं, पंख्याला पाण्याऐवजी हवा मिळाली, इंजिन डुकरासारखं किंचाळलं आणि बोट जवळजवळ थांबली.

"खाली घे!" नवरा ओरडला. घेतलं. पण आक्कासमोर ओरडला म्हणून मी फुगून बसले.

देवळाच्या अलीकडे आमच्या आजेसासऱ्यांचं शेत पाण्याखाली आहे. त्याचा दगडी बांध सरळ देवळापर्यंत जातो. पार पाणी आटलं की तो उघडा पडतो आणि त्याच्यावर शेळ्या फिरतात. मलाही तो ठाऊक होता, मी स्वतः तिथे गोवऱ्या थापल्या आहेत. नवरा म्हणाला, "बांध आला. आता वर घे."

"मगाशी घेतलं तवा वराडलात."

"अगं, आता घे!"

"न्हाई घेत."

खण्ण! स्टीलच्या पंख्याचं पातं वाकलं नाही, आणि नवऱ्याच्या नावालाही ओरखडा गेला नाही. पण आत, जात्यात खडा यावा तसं काहीतरी कडकडलं आणि इंजिन बंद पडलं. इंजिनाचा पाय दगडांत अडकला. मी बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. बॅटरी मी सकाळीच बायकांना वाटून टाकली होती.

काठावर ठेकेदार छत्री घेऊन उभा होता. त्याने छत्री मिटली, नीट दिसावं म्हणून.

"वल्ही काडा की," गुरुजी म्हणाले.

मी पदर सारखा केला. मग नवराच म्हणाला, "वल्ह्यांनी पानी तापीवलं आमी."

आक्काने गॉगल काढला. "पाव्हणं, खुर्ची तयार हाय बरं का. उद्यापासनं या."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. विजार वर खोवली आणि तो पाण्यात उतरला. बायका किंचाळल्या, पण पाणी त्याच्या कमरेलाच लागलं. तो आपल्या आजोबांच्या बांधावर उभा होता. त्याने गुरुजींकडून एक नाणं मागून घेतलं, माझी झेंडूची माळ ओरबाडून काढली, आणि माळेखाली झाकलेल्या त्या स्क्रूच्या खाचेत नाणं घालून फिरवलं. आणखी एकजण खाली उतरला, दोघांनी मिळून इंजिन उचललं, ते परत खाली येऊ नये म्हणून अडणा लावला. स्क्रू परत आवळून त्याने नाणं गुरुजींना परत केलं. मग दोर खांद्यावर घेतला आणि पायाने दगड चाचपत, सोळा माणसं आणि तांदळाची पोती ओढत तो देवळापर्यंत चालत गेला. मला वाटलं आपणही उतरावं. नवीन साडी होती. नाही उतरले. हेही सांगून टाकलेलं बरं.

पायऱ्यांवर ठेकेदार पुढे झाला. "मोटर फेल गेली. आता माजी बोट बगा."

सरपंचबाई उतरताना भिजलेला पदर पिळत होत्या. "बगू की. पन आदी सांगा, अशी मदीच बंद पडली तर पान्यात कोन उतरंल?"

"आमची मान्सं हायेत की."

"तुमी?"

त्याला शिंक आली.

त्याच्या बोटीत कुणी बसलंच नाही. फेरी आम्हाला मिळाली, तीन अटींवर. पंखा मेकॅनिक सांगेल तो. वल्ही कायम बोटीत. तिसरी अट सांगताना सरपंचबाई माझ्याकडे वळल्या. "आन् वैनी, तुमी बटनाला हात लावायचा न्हाई."

गिअर दुरुस्त व्हायला बरेच दिवस गेले, तोवर नवऱ्याने उसन्या वल्ह्यांवर माणसं नेली. मग जर्मनचा पंखा आला, लहान पिचचा. भरलेली बोट त्याने पहिल्याच दिवशी निमूट उचलली. दगड लागून तो पुढे अनेकदा वाकला, आम्ही तो बदलत गेलो, आत कधी कडकडलं नाही. आता काठावर कुणी इंजिन घेतलं की मला विचारायला येतात. मी एवढंच विचारते, माणसं किती, ओझं किती. उत्तराआधीच कुणी स्टीलचा म्हणालं, की त्याला परसात नेते. तिथे तो नाव घातलेला पंखा पडला आहे, आणि त्यावर कोंबड्यांच्या पाण्याचं जर्मनचं पातेलं नीट बसतं.

तिसरी अट अजून कुणी उठवलेली नाही. पण गुडघे गेल्यापासून नवऱ्याला सुकाणू धरून मागे वळता येत नाही, म्हणून मी इंजिनापाशी बसते. बांध आला की तो नुसती मान हलवतो. मी बटण दाबते. एकदाच.