तरोट्याचं बी

दवनीवाड्याच्या आठवडी बाजारात एक बाई तरोट्याच्या, म्हणजे टाकळ्याच्या, बिया विकायला बसायची. धानाच्या रोवणीत बायकांच्या पायांच्या बोटांत चिखल्या होतात, त्यावर या बिया आंबट ताकात वाटून लावतात.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी चिखल्या करणाऱ्या बुरशीचं एक एन्झाइम घेतलं होतं आणि तरोट्याच्या पाल्यातली द्रव्यं कुलपात किल्ली बसावी तशी त्यात बसून त्याला बंद पाडतील का, ते संगणकावर तपासत होते. महिना गेला, एकही धड बसेना. अहवाल द्यायला दहा दिवस उरले, तेव्हा त्या बाईला गाठलं.

बोलताना ती मूठभर बिया या हातातून त्या हातात ओतायची आणि फुंकर मारून कोंडा उडवायची.

"पाला कायले घेतलास?"

"घरी त्याचीच भाजी खातो ना, मावशी."

"अवं पोरी, पाला पोटासाठी. दवा बियांत रायते. एवढी शिकून राहिलीस अन् एवढं मालूम नाही?"

बियांतली द्रव्यं घातली, तर दोन चपखल बसली. पुढच्या बाजाराला धावत जाऊन तिला सांगितलं.

"तुह्या मशीनच्या पायाले चिखल्या होतेत का?"

"नाही."

"मंग त्याले काय समजन?"

पटलं. अहवालात मी लिहिलं, संगणकाने फक्त जुळणी दाखवली आहे, गुण येतो का ते अजून तपासायचं आहे. खाली लिहिलं, बियांची माहिती बाजारातल्या एका बाईने दिली. प्रकल्पाचे सर म्हणाले, हे बाईचं वाक्य खोड. मी म्हटलं, सर, हवे तर मार्क कापा.

वाक्य राहिलं. मार्कही कापले नाहीत.