दाजींच्या गाडीचा पहिला आवाज

माझे दाजी सैन्यात गाड्यांचे मिस्त्री होते. निवृत्त होऊन माण तालुक्यातल्या आपल्या गावी परतले, तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती: स्वतःच्या हातानं एक गाडी बांधायची. पुण्याकडचा एकजण अशा गाडीचा संच विकायचा. पाइपांची चौकट, फायबरची बॉडी, दोन सीटा. बाकीचं ज्याचं त्यानं जमवायचं. वरून उघडी, बसकी, दोघांपुरती गाडी. इंजिन त्यांनी भंगारातून आणलं, अपघातात चेपलेल्या एका छोट्या मोटारीचं. माझी अक्का तेव्हा सगळ्यांना सांगायची, लोक रिटायर होऊन ट्रॅक्टर घेतात, आमच्या ह्यांनी खेळणं आणलंय.

चाकं लागली, स्टिअरिंग बसलं, ब्रेक झाले. आणि मग दाजींना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय, आणि निम्मी जीभ.

गाडी मेंढरं कोंडायच्या वाघरीशेजारी, पत्र्याखाली तशीच राहिली. चौकटीला गंज चढला. बॉडी जमिनीवर पालथी पडलेली, तिच्या सावलीला अक्काच्या दिराची कोकरं बसायची. दाजी समोर बाजेवर बसून दिवसभर तिकडं बघायचे. अक्कानं मला फोन केला. "एक तर ती पुरी कर, न्हाईतर मोडीत घाल. मला आता त्यांचं ते बघणं बघवत न्हाई," म्हणाली.

कुपवाडला माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. गेट, पाण्याच्या टाक्या, ट्रॉल्या करतो. पिकअप घेऊन मी गेलो आणि दाजींना म्हणालो, गाडी मी पुरी करतो, तुम्ही फक्त हो म्हणा.  ते एकेक शब्द जुळवत म्हणाले, "ने. पर एक ऐक. इंजन पैल्यांदा चालू करताना मी पायजे."

मी म्हणालो, "हे काय सांगायला पाहिजे का दाजी?"

गाडी शेडवर आणून मी आणि माझ्या कामगारांनी गंज खरवडला. चौकटीला दोन ठिकाणी चीर गेली होती, ती कापून नवा पाइप जोडला. फायबरचे तडे भरले. बॉडीच्या आतल्या बाजूला दाजींनी खडूनं बाण काढून ठेवले होते, वायर कुठून कुठं न्यायची त्याचे. सुरुवातीला मी त्या बाणांप्रमाणं गेलो. पुढं मला जवळचा रस्ता दिसला तसा मी माझ्या मनानं वायर ओढली आणि खडू ओल्या फडक्यानं पुसून टाकला. पुसताना हात जरा अडखळला, पण पुसला.

रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. "आज काय?" एवढंच विचारायचे. आधी मी सगळं सविस्तर सांगत असे. मग ते काही सुचवायचे, आणि त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत मला धीर निघायचा नाही. हळूहळू मी "चाललंय दाजी" एवढ्यावर आणलं. एकदा तर फोन वाजत असताना मी वेल्डिंगची काच तोंडावर ओढून घेतली. त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की माणसांशी बोलताना मी "माझी गाडी" म्हणायला लागलोय.

इंजिन बसलं, सायलेन्सर झाला. नवा कोरा स्टेनलेसचा पाइप, बॉनेटच्या बाजूनं बाहेर काढून मागं नेलेला. एके दुपारी लाइट गेली. मशीन बंद, माणसं रिकामी, सगळी गाडीभोवती गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, दाजींसमोर चालू झाली नाही तर पंचाईत होईल, एकदा बघून घेऊ. सबब चांगली होती. पण खरं सांगायचं तर मला सबबीची गरजच होती. इतके महिने हात काळे करून तो आवाज मला ऐकायचा होता, आणि सगळ्यांच्या आधी ऐकायचा होता.

मी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, मग धरलं. माणसं ओरडली, मीही ओरडलो, मोबाइल निघाले. चांगली दहा-पंधरा मिनिटं मी ते चालू ठेवलं, रेस करून करून. बंद केल्यावर पहिला विचार दाजींचा आला. मी सगळ्यांना व्हिडिओ काढून टाकायला लावले आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं. त्या संध्याकाळी फोन आला. "आज काय?" मी म्हणालो, "वायरिंग संपत आलंय."

पुढच्या आठवड्यात गाडी पिकअपवर चढवून गावी नेली. असल्या घरच्या गाडीला नंबर मिळत नाही, त्यामुळं ती त्यांच्या रानात आणि माळावरच फिरणार होती. अक्कानं चाकांखाली लिंबं ठेवली, हार घातला. शेजारपाजारची माणसं जमली. दाजी काठी टेकत गाडीभोवती फिरले. बॉनेटच्या कडेला पाइप जिथं बाहेर येतो, तिथं ते थांबले आणि डाव्या हाताचा अंगठा त्यावरनं फिरवला. मला वाटलं, माझं वेल्डिंग बघतायत. मनात सुखावलोसुद्धा.

त्यांना धरून ड्रायव्हरच्या जागी बसवलं. डावा हात पोचावा म्हणून किल्ली मी मुद्दाम मधोमध बसवली होती. त्यांनी ती फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. अक्कानं डोळ्यांना पदर लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. दाजी सगळ्यांकडं बघून हसले. तोंडाची एकच बाजू हसली.

मग त्यांना शेजारच्या सीटवर घेतलं आणि मी गाडी माळावर काढली. घरं मागं पडल्यावर त्यांनी हातानं थांबवायची खूण केली. मी इंजिन बंद केलं.

"पैल्यांदा कवा चालू केलीस रं?"

 नाही म्हणायचं तोंडाशी आलं होतं.

"पाइप आधीच निळा पडलेला," ते म्हणाले. "गरम झाल्याबिगर पडत न्हाई."

ही गोष्ट मी रोज बघणारा माणूस. दर पाइपावर तो निळा-सोनेरी रंग चढताना बघतो, आणि नेमकं इथं माझ्या लक्षात आलं नाही. मी म्हणालो, "गेल्या आठवड्यात. चुकलं माझं, दाजी."

ते रागावतील असं वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते समोर माळाकडं बघत राहिले, आणि मग म्हणाले, "कसा हुता आवाज? सांग."

मी सांगायला लागलो. दोनदा खोकलं, मग धरलं. पुढं काय? पुढं आम्हीच ओरडत होतो. ज्या आवाजासाठी मी त्यांना फसवलं, तो मी धड ऐकलाच नव्हता. तसं त्यांना सांगितलं. ते मान हलवत म्हणाले, "चल माघारी. तुजी अक्का च्या ठेवून बसली आसंल."

अक्काला त्यांनी काही सांगितलं नाही. मीही आजवर सांगितलेलं नाही. कुपवाडला माणसांनी विचारलं, दाजी खूश झाले का? झाले, म्हणालो.

दिवाळीनंतर अक्काचा फोन आला. "आवंदा काय खूळ घेतलंय बघ, सगळी गाडी खोलून ठेवलीया," म्हणाली. इंजिनाच्या हेडमधून ऑइल गळत होतं. मी लगेच निघालो, विट्याहून नवं पॅकिंगही घेतलं. जाऊन बघतो तर दाजी बाजेवर नव्हते. पत्र्याखाली पोत्यावर बसले होते, उजव्या हाताला ट्यूबच्या पट्टीनं पाना बांधलेला, आणि डाव्या हातानं तो उजवा हात ढकलत होते. एक नट सुटायला चहा निवण्याइतका वेळ लागत होता.

"दाजी, मी करतो. तासाभराचं काम आहे," मी म्हणालो.

"न्हाई," ते म्हणाले. "तू बस."

 त्यांनी डिझेलची थाळी पायानं माझ्याकडं सारली. तिच्यात काढलेले बोल्ट पडले होते. मी खाली बसून एकेक बोल्ट धुवायला घेतला.  दुपारपर्यंत त्यांचे दोन नट निघाले. माझे बोल्ट कधीच धुऊन झाले होते, तरी मी ते पुन्हा थाळीत टाकून घासत राहिलो, आणि अक्का जेवायला हाका मारायला लागली तरी ते उठेपर्यंत उठलो नाही.