मीनाताईंची ‘ॲक्टिंग’

दम्याबद्दलच्या जनजागृतीचा कार्यक्रम, आणि व्यासपीठावर उदबत्त्यांचा अख्खा जुडगा पेटलेला. मी माइकवरून विचारलं, “ह्या बाहेर ठेवता येतील का?”

“अहो डॉक्टर, आत्ता तर दीपप्रज्वलन झालं!” अध्यक्षबाई म्हणाल्या.

माझ्याबरोबर आलेल्या नसरीन सिस्टरनी सरळ जुडगा उचलला आणि अंगणातल्या कुंडीत नेऊन खोचला. पण थंडीमुळे खिडक्या बंद होत्या. हॉलमध्ये व्हायचा तेवढा धूर झाला होता.

मी छातीच्या विकारांची डॉक्टर. खडकीत संरक्षण कर्मचाऱ्यांच्या एका वसाहतीतल्या महिला मंडळाने मला बोलावलं होतं. खरं तर मंडळाच्या सेक्रेटरी मीनाताई यांनी. त्या माझ्याच पेशंट. पण ते तिथे नसरीन आणि मी सोडून कोणालाच माहीत नव्हतं.

“तुम्ही सगळ्यांना सांगा, पंप वाईट नसतो म्हणून,” त्या ओपीडीत म्हणाल्या होत्या. “मी नाही सांगू शकत. मुलीचं लग्न ठरलंय. आईला दमा म्हटलं की लोक मुलीकडेही संशयाने बघायला लागतात.”

मी बोलायला सुरुवात केली. दम्यात श्वासनलिकांना सूज असते. धूळ, धूर, परागकण असं न सोसणारं काही आत गेलं की त्या आवळतात. धूळ, परागकण असे न सोसणं म्हणजे ॲलर्जी. औषध थेट त्या नलिकांपर्यंत पोचवायचं साधन म्हणजे इनहेलर, लोकांच्या भाषेत पंप. समोरच्या बायका नम्रपणे ऐकत होत्या. एक-दोघी नम्रपणे पेंगत होत्या.

तेवढ्यात माझं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं. मीनाताईंचे खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते. हात मांडीवरच्या पर्सच्या चेनवर होता, पण चेन उघडत नव्हती. शेजारी त्यांच्या होणाऱ्या विहीणबाई बसल्या होत्या. त्यांनी काहीतरी विचारलं. मीनाताईंनी दोन शब्द बोलून श्वास घेतला, मग पुढचे दोन. आमच्या धंद्यात ही धोक्याची खूण आहे. ज्याला एक वाक्य सलग बोलता येत नाही, त्याला थांबवून ठेवायचं नसतं.

पेशंटचा आजार चारचौघांत सांगायचा मला अधिकार नाही. त्यांना बाहेर न्यावं, तर अर्धा हॉल काळजीने मागे आला असता. मी लॅपटॉप बंद केला.

“पंप घ्यायचा कसा, त्याचं प्रात्यक्षिक करू या. सेक्रेटरी म्हणून मीनाताई, आपणच या.”

त्या आल्या. नसरीनने डेमोचा पंप पुढे केला. त्यात औषध नसतं.

“तो नको,” मी माइक बाजूला धरून म्हणाले. “बॅगेतला.”

तिने एकदा मीनाताईंकडे पाहिलं आणि झटकन खरा पंप काढून स्पेसरला लावला. स्पेसर म्हणजे प्लास्टिकची पोकळ नळी. औषध आधी तिच्यात थांबतं आणि श्वासाबरोबर सावकाश छातीत जातं.

“श्वास सोडा. ओठ नळीभोवती घट्ट मिटा. आता हळू आत घ्या. थांबा.” मी माइकवर शिकवत होते आणि बोटं त्यांच्या नाडीवर होती.

“मीनाताई, काय ॲक्टिंग आहे!” मागून कोणीतरी ओरडलं. “अगदी खराच दमा वाटतोय हो!”

हॉल हसला. आराम पडला नाही तर सगळं सोडून ॲम्ब्युलन्स बोलवावी लागणार होती. नसरीनने मोबाइल हातात घेऊन ठेवला होता. औषधाचा आणखी एक फवारा, मग आणखी एक. मी स्पेसरबद्दल तेच तेच वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहिले. हळूहळू खांदे खाली आले. छातीतली शिट्टी बारीक झाली. मीनाताईंनी लांब श्वास सोडला आणि माझ्या हातातला माइक घेतला.

“ॲक्टिंग नव्हती ती.”

हसू थांबलं.

“मला दमा आहे. कितीतरी वर्षं. घरी मी बाथरूममध्ये नळ सोडून पंप घेते, आवाज जाऊ नये म्हणून.” त्या विहीणबाईंकडे वळल्या. “तुम्हाला लग्नानंतर सांगणार होते. आता आधीच सांगते. काय ठरवायचं ते ठरवा.”

विहीणबाई उठल्या. “ठरवायचं नंतर बघू. तुम्ही आधी खाली बसा.” मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “डॉक्टर, आमच्या ह्यांना दर थंडीत ‘सर्दी’ होते. झोपता येत नाही, उशीला टेकून बसून राहतात. ही सर्दीच ना?”

“तपासल्याशिवाय नाही सांगता येणार. घेऊन या त्यांना.”

“पंपाचं नाव काढलं तर घराबाहेर पडायचे नाहीत.”

“मी आणते,” मीनाताई म्हणाल्या. “विहिणीला नाही म्हणतील का?”

पुन्हा हशा झाला, पण ह्या वेळी मला तो आवडला. मग एकेकीच्या पर्स उघडायला लागल्या. एकीचा पंप केव्हाचा रिकामा झाला होता आणि ती तोच ओढत होती. दुसरी फवारा तोंडात घेऊन गिळत असे. नसरीन प्रत्येकीला समोर बसवून शिकवत राहिली. शेवटी वॉचमन किल्ल्या वाजवत दारात येऊन उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात मीनाताई खरंच त्या गृहस्थांना ओपीडीत घेऊन आल्या. दमाच निघाला. सर्दी म्हणून बरीच वर्षं वाफारे घेऊन झाले होते. लग्न ठरल्याप्रमाणे झालं. मांडवात मुलीच्या आईने आणि मुलाच्या वडिलांनी शेजारी बसून पंप घेतले, असं नसरीनने मला सांगितलं. ती आमंत्रणावरून गेली होती, मी ड्यूटीवर होते.

मी अजूनही व्याख्यानं देते. श्वासनलिकेचं चित्रही दाखवते. पण आता आधी आयोजकांना विचारते, “तुमच्यापैकी पंप कोण घेतं?” कोणीच हात वर करत नाही. मग मी चहा मागवते आणि वाट बघते. कोणीतरी एक करतंच. त्यानंतर मला फारसं बोलावं लागत नाही.