ओहोटीत ओलांडलेली खाडी

दर हिवाळ्यात आम्ही नवराबायको देवासहून दक्षिण कोकणात चालायला जायचो. टूर नाही, गाडी नाही. पाठीवर एकेक पिशवी घ्यायची आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं एका गावाहून पुढच्या गावाला जायचं. ऊन चढलं की समुद्र सोडून आत वळायचं, जांभ्या दगडाच्या पायवाटेनं, काजूच्या बागांमधून, जिथं दुपारी कुत्रंसुद्धा भुंकत नाही. डबा भरणं माझं काम. रस्ता आणि भरती-ओहोटीच्या वेळा गावात विचारून ठेवणं ह्यांचं. गल्लीत आमची चेष्टा व्हायची. "भिया, पैदलच फिरना है तो टेकरी के चक्कर लगाओ," असं शेजारी ह्यांना म्हणायचे. हौसेला मोल नसतं, म्हणून हे हसून सोडून द्यायचे.

मग ह्यांना कंपवात झाला. आधी हात थरथरायला लागला, नंतर पाय अडायला लागले. चालता चालता पावलं जमिनीला चिकटून बसत. इंदूरच्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं मला एक युक्ती दाखवली. ह्यांच्या पावलापुढं आपलं पाऊल आडवं ठेवायचं. सपाट जमिनीवर न उचलणारा पाय ते ओलांडायला मात्र उचलतो. देवाची करणी, दुसरं काय म्हणायचं? तेव्हापासून मी घरभर त्यांच्या पुढं पाय आडवे घालत फिरायची. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, आयुष्यभर केलंस तेच आता उघड करतेस.

डॉक्टर म्हणाले, "यंदा काय चालायचं ते चालून घ्या." मी ते वाक्य धरून बसले. मुलगा चिडला. "आई, बाबांना अंगणातून फाटकापर्यंत जमत नाही, और तू उनको रेतीत चालवणार? कमाल करतेस यार." मी कुणाचं ऐकलं नाही. नवस झाले, गोळ्या झाल्या, तेलं झाली, देवाशी भांडणंही झाली. मला ते चालायला हवे होते. बाकी काही नको होतं.

तर गेलो. ज्या गावात एका घरी उतरलो होतो, त्या गावाबाहेर एक खाडी होती आणि पलीकडे वाळूचा लांब दांडा. सकाळी पाणी जेमतेम घोट्याला लागत होतं. हे छान चालले, त्या दिवशी फारच छान. दांड्यावर बसून आम्ही पोळीचा लाडू खाल्ला. ऊन कोवळं होतं, माणूस एकही नव्हता, आणि डॉक्टर चुकले असं मला खरोखर वाटलं. परतायचं का, असं मी दोनदा विचारलं. "बस ना अजून," म्हणाले. मी पडले माळव्यातली. आमच्याकडची नदी दिवाळीनंतर उतरते ती उतरतच जाते. पाण्याची काळजी मी केलीच नाही.

परत आलो तेव्हा खाडी रुंद झाली होती. तरी मी त्यांचा हात धरून पाण्यात उतरले. मध्यावर पाणी मांडीला लागलं आणि ह्यांचे पाय अडले. मी पाऊल आडवं घातलं, पण त्या गढूळ पाण्यात ते त्यांना दिसेना. जे दिसत नाही ते ओलांडणार कसं? मी ओढलं, ढकललं, चिमटे काढले, तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. माझी पाचावर धारण बसली होती. पाणी कमरेला आलं. आणि हे अगदी शांत. "तू हो पुढं," म्हणाले, "मी येतो मागून." स्टेशनवर सामानापाशी थांबतो म्हणावं, इतक्या साध्या आवाजात.

मी त्यांना घट्ट मिठी मारली आणि किनाऱ्याकडे तोंड करून बोंब ठोकली. एका मच्छीमारानं होडी आणली. त्यानं आणि मी मिळून ह्यांना पोत्यासारखं आत घेतलं.

घरी पोचलो तर घरमालकीण माझ्यावरच चिडली. "मी काकांका सकाळीच सांगितलंय, जेवणाच्या आधी परत येवा, मगे भरती लागता. दोनदा सांगितलंय." मी ह्यांच्याकडे बघितलं. ते चहाच्या कपाकडे बघत होते.

खोलीत मी त्यांचे ओले कपडे काढले, पाय पुसले. तेच म्हणाले, "तुझं माहेर निसरपूर. नर्मदेत पोहत मोठी झालीस. तू सहज पलीकडे गेली असतीस. एवढं बघूनच मी—"

मला त्यांना मारावंसं वाटलं. मारता येईना, म्हणून मी त्यांचं डोकं पोटाशी धरलं आणि ओरडून रडले. देवासला असते तर गल्ली जमा झाली असती.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "उद्या परत जायचं ना, घरी?"

"नाही. उद्या चालायचं," मी म्हटलं. "भरतीची वेळ मी विचारीन."