शमीमआपांचे नऊ हेडफोन

शमीमआपांना हेडफोनचा पडदा ताणायचा असला की आधी फरशीवर पाणी शिंपडलं जायचं. मग खिडक्या बंद, पंखा बंद, आणि खोलीत जो कुणी असेल त्याने स्वेटर, मफलर, टॉवेल असलं सगळं बाहेर ठेवून यायचं. दिवाळीनंतर पुसदला त्यांच्या घरासमोरच्या रस्त्यावरून कापसाच्या गाड्या सुरू होतात आणि हवेत तंतू तरंगत राहतात. त्यातला एवढासा तंतू आत राहिला तरी हेडफोन कानात चुरचुरायला लागतो. मला एकदा त्यांनी सांगितलं, "सर, बोलाचं असंन तं तोंड भिताडाकडे करा." बारावीला भौतिकशास्त्र शिकवणारा मी, वीस मिनिटं भिंतीकडे तोंड करून बसलो होतो.

आमची ओळख एका बिघडलेल्या हेडफोनमुळे झाली. माझा थोरला भाऊ परदेशातून येताना एक इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन घेऊन आला होता. त्याचा डावा कान बंद पडला. नागपूरच्या दोन दुकानांनी तो उघडायलाच नकार दिला. पुसदला बशीरभाईंचं रेडिओदुरुस्तीचं जुनं दुकान होतं, म्हणून तिथं गेलो, तर दाराला कुलूप. बशीरभाई वर्षापूर्वीच वारले होते. शेजारच्या शिंप्याने मला मागच्या घराकडे पाठवलं. म्हणाला, "बशीरभाई दुकानात बसाचे. ट्रान्स्फॉर्मर तं सगळे आपाच गुंडायत होत्या."

बशीरभाईंच्या पत्नी शमीमआपा तेव्हा पन्नाशीच्या असतील. सडपातळ, चष्म्याला दोरी बांधलेली. तीस वर्षं त्यांनी घरात बसून ट्रान्स्फॉर्मरची तार गुंडाळली होती. हेडफोन त्यांनी हळूच उघडला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि बराच वेळ आत पाहत राहिल्या.

"याच्यात तं कॉईलच नाही सर," त्या म्हणाल्या. "मंग हे बोलते कायनं?"

मी कंगवा मागितला, केसांवर घासला आणि कागदाचे कपटे उचलून दाखवले. मग सांगितलं, की भोकं पाडलेल्या दोन धातूच्या जाळ्या आहेत, त्यांच्या मधे कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ असा प्लास्टिकचा पडदा आहे. पडद्यावर काहीशे व्होल्टचा विद्युतभार असतो. अॅम्प्लिफायरमधून गाणं विजेच्या रूपात जाळ्यांवर येतं आणि पडदा कधी इकडे, कधी तिकडे ओढला जातो.

आपांनी कपट्यांकडे पाहिलं. "म्हंजे धक्का कोनीच देत नाही. दोन्हीकून ओढूनच राह्यले."

हा धडा इतकी वर्षं शिकवूनही मला तो इतक्या थोडक्यात कधी सांगता आला नव्हता.

डाव्या कानातला पडदा फाटला होता. मी मुंबईहून तसलं प्लास्टिक मागवलं. आपांनी ते लेकीच्या कशिद्याच्या रिंगमध्ये ताणलं. चार पडदे फाटले, पाचवा टिकला. भार सगळीकडे पसरावा म्हणून शिसपेन्सिलीची भुकटी कापसाने त्यावर पुसत बसल्या, इतकी हलकी की पडदा मळलाय की नाही तेही कळू नये. सगळं जोडल्यावर आधी त्यांनीच तो कानाला लावला. मी तबल्याचं एक रेकॉर्डिंग लावून दिलं होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"तबलेवाल्याचं बोट कातड्यावरून घसरलं, ते आयकू आलं मले," त्या म्हणाल्या. "आता एक माह्या हातानं बनवा लागते."

आणि त्यांनी तो बनवायला घेतला. गावातल्या चाळण्या करणाऱ्याकडून भोकांचा पत्रा आणला. भोकाच्या कडेला बारीकशी धार राहिली तरी तिथं ठिणगी पडते, म्हणून पॉलिश पेपरने घासून झालं की त्या मनगटाची आतली बाजू पत्र्यावरून फिरवायच्या. बोटं कामाने निबर झालेली, त्यांना धार कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. बशीरभाईंच्या डब्यांतले जुन्या रेडिओंचे काचेचे व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरमध्ये गेले. ट्रान्स्फॉर्मर अर्थात स्वतः गुंडाळलेला. पहिला हेडफोन शिट्टी मारायचा. दुसऱ्याचा उजवा कान डाव्यापेक्षा दबका होता. मी जरा कौतुक करायला लागलो की त्या हात आडवा करायच्या. "चांगलं काय हाये ते सांगू नका. खटकते काय, ते सांगा." खटकलेलं सांगितलं की चेहरा खुलायचा आणि स्क्रू ड्रायव्हर हातात यायचा.

सहा-सात वर्षांत असे नऊ हेडफोन झाले. तिसरा माझ्याकडे आला. बाकीचे पुसदच्या गाण्याच्या बाई, उमरखेडचे एक डॉक्टर, राजूरचे राठोडकाका, असे ज्यांना ऐकायची खरी ओढ होती त्यांच्याकडे गेले.

प्रत्येक हेडफोनबरोबर जाणाऱ्या त्या अॅम्प्लिफायरचं सर्किट आपांनी मला आधी कागदावर काढून दाखवलं होतं. मी पेपर तपासायच्या घाईत होतो. वरवर नजर टाकली आणि "ठीक आहे" म्हणालो.

पुढे एका श्रावणात माझ्या हेडफोनची वायर खुर्चीच्या पायाखाली चेपून सोलली गेली. मी ती बाजूला करायला गेलो आणि झटका बसला. हात असा उडाला की चहाचा ग्लास भिंतीवर जाऊन फुटला. अंगठ्यावर पांढरा ठिपका उठला. दोन दिवस मी कुणाला काही बोललो नाही, कारण तो कागद मला आठवत होता. तिसऱ्या दिवशी आपांकडे गेलो.

त्यांनी अंगठा पाहिला, वायर पाहिली, मग अॅम्प्लिफायर उघडला. "जाळ्यांकडे जानाऱ्या तारांत रेझिस्टन्सच नाही. तार उघडी पडली तं वीज अडवाले कोनी नाही."

"आपा, ते सर्किट मी पाहिलं होतं. माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं."

"तुमी कागद पायला सर. सोल्डर म्या केलतं."

एवढंच. त्यानंतर माझ्या चुकीचा विषय त्यांनी कधीही काढला नाही. त्याच दुपारी त्या एकेकाला फोन करायला बसल्या. "हेडफोन आजपासून लावू नका. माह्या हातून चूक झाली हाये. पाठवून द्या, दुरुस्त करून देते." मी सुचवलं, की चूक कशाला म्हणता, तपासणीसाठी मागवतेय म्हणा.

"तपासनी म्हनलं तं लोक उद्या पाठवतीन," आपा म्हणाल्या. "चूक म्हनलं तं आज बंद करतीन."

आठवड्याभरात माझा धरून आठ हेडफोन त्यांच्या टेबलावर जमले. नववा आला नाही. राठोडकाकांनी फोनवर सरळ सांगितलं, "नाही देत." आपांनी पुन्हा फोन केला नाही. सोल्डरिंगची पिशवी भरली, भाकरीचा डबा घेतला, आणि आम्ही दोघं एसटीने यवतमाळ, तिथून वणी, तिथून राजूर असे दुपारी पोचलो.

राठोडकाका कोळशाच्या खाणीतून निवृत्त झाले होते. ड्रिलच्या आवाजाने कान अर्धे गेलेले. पण तांड्यातांड्यांवर जाऊन म्हाताऱ्या बायांची बंजाऱ्यांच्या गोरबोलीतली गाणी ते रेकॉर्ड करायचे आणि एकेक शब्द वहीत उतरवायचे. दुसऱ्या कुठल्याही हेडफोनमध्ये त्यांना शब्दाचा शेवट ऐकू येत नसे.

"बाई, चार याडींची गानी लिवाची राह्यली," ते म्हणाले. तांड्यातल्या प्रत्येक म्हातारीला ते याडी, म्हणजे आई म्हणत. "एक याडी बिमार हाये. एखांदा शब्द नाही समजला तं तिलेच विचारा लागते. हे तुमी नेलं तं मी कायनं आयकू?"

"न्याले नाही आली भाऊ. इथंच करते."

खाटेशेजारच्या टेबलावर त्यांनी काम मांडलं. जाळ्यांच्या चारही तारांत रेझिस्टन्स घातले, जाड आवरणाची नवी वायर लावली, मीटरने सगळं तपासलं. स्वतः अर्धा तास लावून बसल्या, मगच काकांच्या हातात दिला. काकांनी गाणं लावलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"शब्दाचा शेवट गेला बाई."

मला कारण कळलं. रेझिस्टन्समुळे बारीक आवाज दबत होते. कमी किमतीचा घातला तर ते परत आले असते, पण मग झटक्याची भीती राहिली असती. मी तसं बोललो. आपांनी मान हलवली. "तो कमी नाही करत मी." त्या वायरकडे बघत बसल्या. तीन मीटर वायर फरशीवर वेटोळं घालून पडली होती. लांब वायर बारीक आवाज गिळते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी काकांना विचारलं, "तुमी आयकता कुठं बसून?"

"खाटेवर."

"मशीन खाटेवर घ्या. जवळ बसून आयका." आणि त्यांनी वायर हातभर ठेवून बाकीची कापून टाकली, टोकं पुन्हा जोडली.

काकांनी पुन्हा लावलं. डोळे मिटले. एक ओळ तीनदा मागे घेऊन ऐकली. मग वही ओढली, आधी लिहिलेला एक शब्द खोडला आणि वर दुसरा लिहिला. मग म्हणाले, "जेवून जा बाई." आपांनी डबा उघडला, काकांच्या सुनेने पिठलं केलं, आणि आम्ही तिघं खाटेभोवती बसून जेवलो.

परतीच्या एसटीत आपा वणीपासून यवतमाळपर्यंत शांत झोपल्या होत्या.

आता त्या आदिलाबादला लेकीकडे राहतात. हात थोडे कापायला लागल्यावर त्यांनी स्वतःच ठरवलं, की आता पडदा ताणायचा नाही. जाताना सगळं सामान माझ्याकडे दिलं. तिथं नातीला सोल्डर करायला शिकवतात, आनंदात आहेत. नऊपैकी कुठलाही हेडफोन बिघडला की माझ्याकडे येतो. मी त्यांना फोन लावून टेबलावर ठेवतो आणि काय खटकतंय ते सांगतो. काही महिन्यांपूर्वी डॉक्टरांचा अॅम्प्लिफायर आला होता. मी स्क्रू काढायला लागलो. तो आवाज त्यांनी तिकडे ऐकला.

"सर, प्लग काढला का?"

"काढला."

"मंग आता उघडू नका. आत वीज हाये आजून, ती आपसूक उतरू द्या. चहा ठेवा. मीबी ठेवते."

मी गॅसवर चहा ठेवला. फोनमधून त्यांच्याकडचं पातेलं वाजलं. आम्ही गप्पा मारत सावकाश चहा प्यायलो. मग त्या म्हणाल्या, "हां, आता उघडा."

मी मीटर लावून पाहिला. काटा शून्यावर होता.