बिघाडांची संख्या : एक

कुरामोची मात्सुनाए नगरपालिकेचं नेटवर्क सांभाळायचा, आणि त्याचा मोठा गुन्हा असा की ते बंदच पडत नसे.

पूर्वी पडायचं. दर डिसेंबरात कचेरीची वर्षअखेरीची साफसफाई निघाली की कुणा नीटनेटक्या जिवाला एखादी लोंबती तार खुपे. तिचं मोकळं टोक भिंतीतल्या रिकाम्या खाचेत खोचून तो हात झटके. झालं, वर्तुळ पूर्ण. एकच निरोप गोल गोल फिरून वाढत जाई आणि सगळी इमारत ठप्प होई. मग कुरामोची धावे, तार उपटे, आणि लोक त्याला संत्र्यांची पेटी देत.

शेवटी त्याने या सगळ्या तारा जिथे येऊन जुळतात ते नेटवर्कचे स्विच नवे मागितले. अर्ज बारा शिक्क्यांसाठी दोन वर्षं हिंडला. दोनदा तर त्याच्याच टेबलावर परत आला. स्विच मात्र कचेरीपेक्षा शहाणे निघाले. ते दर दोन सेकंदांनी आपल्या नावाचा निरोप सोडतात. तोच दुसऱ्या वाटेने परत आला की वर्तुळ ओळखून एक वाट मिटतात. चालू वाट तुटली तर मिटलेली उघडतात. याच जातीचे जुने स्विच त्यावर मिनिटभर खल करत. हे सेकंदही घेत नाहीत. संत्री अर्थातच बंद झाली.

यंदा साफसफाईच्या सकाळी विभागप्रमुख उसुई म्हणाले, "कुरामोचीसान, वर्षभरात एकही बिघाड नाही. मग तुम्ही नक्की करता काय? एप्रिलपासून हे पद राहणार नाही. संध्याकाळी अहवाल वर जातोय."

एवढं बोलून साहेबांनी डोक्याला फडकं बांधलं. दुपारी त्यांनाच एक लोंबती तार दिसली, आणि त्यांनी ती खोचली. वरच्या खोलीतल्या स्विचवर एक दिवा नारिंगी झाला. बाकी कुणाची पापणीही हलली नाही.

कुरामोचीने दिवा पाहिला. स्विचचं हे संरक्षण काढायला आज्ञेची एक ओळ पुरे होती. मग बोंबाबोंब, धावपळ, संत्री, नोकरी. बोटं कळफलकावर गेलीसुद्धा. पण खाली खिडकीपाशी एक म्हातारी दाखल्यासाठी तासभर ताटकळत होती. त्याला स्वतःची लाज वाटली. खाली जाऊन त्याने तार उपटली.

"अहो, आत्ताच नीट लावली होती मी," उसुई म्हणाले.

"हो साहेब, पाहिलं मी," कुरामोची म्हणाला.

वर येऊन त्याने बिघाडवहीत नोंद केली: वर्तुळ झालं, सेकंदाच्या आत थोपवलं, तार लावणारे विभागप्रमुख उसुई. वही शिक्क्यांसाठी फिरली. उसुईंनीही शिक्का मारला. वाचून शिक्का मारायची तिथे पद्धतच नव्हती. मग ती अहवालाला जोडून वर गेली.

वरच्या साहेबांपैकी कुणीतरी, कोण जाणे का, ती वाचली. पद राहिलं. एप्रिलमध्ये उसुईंना तार कुठे लावू नये याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण लागलं, शिकवायला कुरामोची. पहिल्या दिवशी ते संत्र्यांची पेटी घेऊन आले.